लेकरू जगून घरी आले. पुढची दोन वर्षे कोणी बघायची?

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळे होती. राज्यभर ओरड झाली, पुढारी येऊन गेले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे होती की नव्हती, खाटा किती आणि बाळे किती, याची चर्चा पुष्कळ झाली. ती व्हायलाच पाहिजे होती. पण एक प्रश्न मागे राहिला. अशा नवजात कक्षातून जी बाळे जगून गावी येतात, त्यांचे पुढे काय होते?

जळकोट तालुका काय, शेजारचे मुखेड-कंधार काय, डोंगरपट्ट्यातला हा सगळा भाग. अतनूर, घोणसी, रावणकोळा, माळहिप्परगा यांसारख्या गावांतली किंवा तांड्यावरची अडलेली बाई उदगीरला जाते, तिथून गरज पडली तर लातूर किंवा नांदेडला. दिवस भरण्याआधी झालेले दीड किलोचे बाळ महिनाभर पेटीत राहते आणि एक दिवस आईच्या कुशीत घरी येते. घरात पेढे वाटतात. जमा झालेला कागद कपाटात जातो. त्या कागदावर कुठेतरी डॉक्टरांनी लिहिलेले असते की बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती ओळ घरात कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी तिचा अर्थ कोणी सांगत नाही. वर्ष-दीड वर्षाने लेकरू बसत नाही, पाय ताठ करते, तेव्हा मग धावाधाव सुरू होते. तोवर सोन्यासारखा काळ निघून गेलेला असतो.

आजचा विषय हाच आहे. ऐकायला मोठ्या दवाखान्याचा वाटतो, पण त्यातले निम्मे काम गावातच करायचे आहे.

रक्तस्राव होतो कसा?

पोटातल्या बाळाच्या मेंदूत आतल्या बाजूला पाण्याच्या पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांच्या काठाला एक कोवळा थर असतो. मेंदूच्या नव्या पेशी तिथे तयार होतात आणि सगळीकडे पसरतात. या थरातल्या रक्तवाहिन्या फार नाजूक. आठवा महिना सरत येतो तसा हा थर विरत जातो आणि धोका कमी होतो. म्हणून ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला भीती जास्त.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. नवा घातलेला बांध मुरलेला नसतो, त्यावर एकदम जोराचा लोंढा आला की तो फुटतो. तसेच हे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास अडखळला, अंग गार पडले, रक्तदाब एकदम चढला-उतरला, की त्या कोवळ्या वाहिन्या फुटतात. दीड किलोच्या आतल्या बाळांत साधारण चार-पाचांत एकाला असा कमी-अधिक रक्तस्राव होतो. त्यातला बहुतेक पहिल्या तीन दिवसांत होतो, निम्मा तर पहिल्याच दिवशी.

डॉक्टर त्याच्या चार पायऱ्या मानतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या डॉ. लू-अ‍ॅन पापिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली त्या ठरवल्या, त्याच आजही वापरात आहेत. पहिल्या-दुसऱ्या पायरीत रक्त थोडे असते आणि बहुतेक मुले पुढे चांगली वाढतात. तिसऱ्या पायरीत पोकळी रक्ताने भरून फुगते. चौथ्या पायरीत मेंदूच्या मांसालाही इजा होते. या दोन पायऱ्यांत हातपाय ताठ होण्याचा, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा, आणि डोक्यात पाणी साठण्याचा धोका मोठा असतो. तरी चौथ्या पायरीचे प्रत्येक मूल अपंग होतेच असे नाही, हेही लक्षात ठेवा.

त्याच १९७८ च्या पाहणीतली एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. जगलेल्या बाळांपैकी ९ जणांच्या मेंदूत रक्तस्राव होता. त्यातल्या ७ जणांत बाहेरून एकही लक्षण दिसले नव्हते. म्हणजे बाळ दूध पिते, रडते, हातपाय हलवते, म्हणून सगळे ठीक आहे असे धरून चालत नाही. आज टाळूवरून सोनोग्राफी करून हा रक्तस्राव दिसतो. बाळाला ना टोचावे लागते, ना एक्स-रे काढावा लागतो. नवजात कक्षात बाळ असेल तर "टाळूची सोनोग्राफी झाली का, त्यात काय निघाले?" हे विचारणे तुमचा हक्क आहे. उत्तर कागदावर लिहून घ्या.

आधीच काय करता येते?

फुटलेली वाहिनी शिवता येत नाही आणि सांडलेले रक्त परत भरता येत नाही. म्हणून खरी लढाई आधीची आहे. तीन ठिकाणी ती जिंकता येते.

पहिले ठिकाण आठवड्यांच्या हिशेबाचे. आपल्याकडे म्हण पडली आहे की सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही. यात काही तथ्य नाही. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. पाळी चुकल्याची तारीख लिहून ठेवा, नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत करा, पहिली सोनोग्राफी वेळेत करा. दिवसच माहीत नसतील तर पुढचा इलाज चुकतो.

दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या, पाणी गेले, तर बाईला आधी हलवा. बाळ झाल्यावर त्याला टॉवेलात गुंडाळून जीपमधून धडधडत नेण्यापेक्षा पोटात असतानाच मोठ्या दवाखान्यात नेलेले केव्हाही चांगले. प्रवासासाठी आईच्या पोटाइतकी चांगली पेटी कोणत्याही कंपनीने अजून बनवलेली नाही. १०८ आणि १०२ ची गाडी त्यासाठीच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

याच वेळी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. ६ मिलिग्रॅमची चार, बारा-बारा तासांनी, २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान. त्याने बाळाची फुप्फुसे तयार होतात आणि मेंदूतला रक्तस्रावही सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतो. हा शोध न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली जगापुढे मांडला. आपल्या केंद्र सरकारने २०१४ मध्ये नियम केला की मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस उपकेंद्रातली परिचारिकाही देऊ शकते.

पण इंजेक्शन म्हणजे मंत्र नव्हे. नागपूर आणि बेळगाव भागातली खेडी ज्यात होती, अशी सहा देशांची एक मोठी पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. गावपातळीवर सरसकट इंजेक्शन दिल्यावर अपेक्षित फायदा दिसला नाही, उलट एकूण बाळमृत्यू थोडे वाढले. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांची पाहणी आली. तिथे सोनोग्राफीने आठवडे पक्के केले होते आणि बाळाला सांभाळायची सोय होती. तिथे मात्र साधारण दर २५ बायांना इंजेक्शन दिल्यामागे एक बाळ वाचले. बी चांगले असून भागत नाही, वाफसा आणि पाणीही लागते, तशातला हा प्रकार. दिवसांचा हिशेब, इंजेक्शन आणि नवजात कक्ष या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच उपयोग.

दुसरे ठिकाण व्हिटॅमिन केचे. रक्त गोठायला हे जीवनसत्त्व लागते. जन्मतः बाळाच्या अंगात ते फार थोडे असते आणि आईच्या दुधातूनही थोडेच मिळते. म्हणून दिवस भरलेल्या, चांगल्या तीन किलोच्या बाळालाही पुढे दोन आठवडे ते सहा महिन्यांच्या दरम्यान अचानक रक्तस्राव होऊ शकतो. असे क्वचितच होते, पण झाले तर निम्म्याहून जास्त वेळा तो मेंदूतच होतो. उपाय एकच, जन्मल्यावर मांडीत एक इंजेक्शन. एक किलो आणि त्याहून जास्त वजनाच्या बाळाला १ मिलिग्रॅम, त्याहून लहानाला अर्धा. किंमत किरकोळ. २०१४ पासून प्रत्येक बाळाला ते द्यावे असा सरकारी नियम आहे. घरी, रस्त्यात किंवा उसाच्या फडात बाळंतपण झाले तर हेच इंजेक्शन राहून जाते. अशा वेळी बाळाला लगेच दवाखान्यात नेऊन ते मागून घ्या. आणि यातून कोणी असा उलटा अर्थ काढू नका की आईचे दूध कमी पडते म्हणून वरचे दूध पाजावे. आईचे दूध हेच बाळाचे अन्न. इंजेक्शन फक्त राहिलेली उणीव भरून काढते.

तिसरे ठिकाण पहिल्या तासाचे. बाळ रडत असेल, ठीक असेल, तर नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबतात. बाळाला पुसून कोरडे करतात आणि आईच्या उघड्या छातीशी लावतात. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून १९७८ च्या सुमारास ती सुरू झाली, आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासूनच असे धरा. बापाने किंवा आजीने धरले तरी चालते. बाळाला लगेच आंघोळ घालणे, उलटे धरून थोपटणे, टाळू दाबून तेल जिरवणे हे सगळे बंद केले पाहिजे.

घरी आल्यावर काय बघायचे?

लहान लेकराचा मेंदू वाढीला लागलेला असतो. एक वाट बंद झाली तर तो दुसरी वाट काढायला शिकू शकतो. पण त्यासाठी व्यायाम, खेळ, बोलणे आणि हाताळणे लवकर सुरू व्हावे लागते. पहिली दोन वर्षे त्यासाठी सगळ्यात मोलाची. पेरणीचा हंगाम हुकला की नंतर कितीही खत घातले तरी तो उतारा येत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.

आधी वयाचा हिशेब नीट करा. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की वाढीच्या मापाने ते चार महिन्यांचे धरायचे. दोन वर्षांपर्यंत असाच हिशेब चालतो. नाहीतर उगाच घाबराघुबर होते. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

या हिशेबाने दोन महिन्यांत बाळ तुमच्याकडे बघून हसले पाहिजे. चार महिन्यांत मान धरली पाहिजे. आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसले पाहिजे. दीड वर्षात चालले पाहिजे. चार महिन्यांनंतरही अंगठा मुठीत घट्ट आवळलेला राहतो, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, वर्षाच्या आतच लेकरू एकच हात वापरते आणि दुसरा नुसता पडून राहतो, अशा खुणा दिसल्या तर थांबू नका. "डावखुरं हाय", "बापावर गेलंय, बाप बी उशिरा चालला होता", असे म्हणून वेळ घालवू नका.

डोक्याचा घेर हे सगळ्यात सोपे माप. अंगणवाडीत टेप असतोच. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर पहिले तीन महिने महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढतो. रक्तस्राव झालेल्या लहान बाळाचा घेर आठवड्याला दीड-दोन सेंटिमीटरने वाढू लागला, टाळू फुगली, बाळ सारखे उलट्या करू लागले, डोळे मावळतीच्या सूर्यासारखे खाली झुकले, तर डोक्यात पाणी साठते आहे असे समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटके आले, बाळ सुस्त पडले, दूध सोडले, तरी तेच. डाग देणे, अंगारा लावणे यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

डोक्यातल्या पाण्यावर इलाज आहे. बारीक नळी टाकून ते पाणी पोटात सोडतात. त्याला शंट म्हणतात. आपल्याच देशात बनलेला स्वस्त छाबरा शंट आफ्रिकेत युगांडात महागड्या परदेशी शंटशी ताडून बघितला गेला, तेव्हा गुण सारखाच निघाला. म्हणजे खर्चाला घाबरून मागे राहायचे कारण नाही.

आणि एक. अशा बाळाचे डोळे जन्मल्यापासून महिन्याच्या आत तपासून घ्या आणि कानही तपासा. दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा खराब होऊ शकतो, तो वेळेत कळला तर वाचतो.

योजना आहे, पण साखळी तुटते

कागदावर बघाल तर व्यवस्था चांगली आहे आणि तिचे मूळ आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवून दिले की गावातली शिकलेली बाई घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ शकते. त्यांचे काम १९९९ मध्ये जगापुढे आले, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी आल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, आणि वाढीत मागे पडलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी 'संवेदना' हे केंद्रही चालते.

मग तुटते कुठे? दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातली किती बिऱ्हाडे उसाच्या फडावर, हैदराबादला, पुण्या-मुंबईला जातात ते तुम्ही जाणता. पथक अंगणवाडीत येते तेव्हा लेकरू फडात असते. आशाताई दाराशी जातात तेव्हा दाराला कुलूप असते. घरी आलेल्या बाळाची खबर मोठ्या दवाखान्यातून गावात वेळेवर पोचतेच असे नाही. आई व्यायाम शिकून येते, पण दर पंधरवड्याला लातूरला जायचे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते आणि भाडे वेगळे. दोन-तीन खेपांनंतर जाणे बंद होते. त्यात आईचा दोष नाही. उचल घेतलेल्या बाईला मुकादम किती दिवस सुट्टी देईल?

गावाने करायचे काम

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडी सेविका या सगळ्यांना थेट सांगायचे आहे. नवा कायदा नको, नवी योजनाही नको. एक वही घाला. गावात दोन वर्षांच्या आतली जी मुले दोन किलोपेक्षा कमी वजनाची जन्मली, जी नवजात कक्षात राहून आली, ज्यांना जन्मल्यावर झटके आले, त्यांची नावे त्यात लिहा. हजार-दोन हजार वस्तीच्या गावात ती बोटावर मोजण्याइतकी निघतील. दर महिन्याच्या आरोग्य व पोषण दिवशी त्यांच्या डोक्याचा घेर आणि वाढ बघून नोंद करा. वही गावात फिरवू नका, लेकराला शिक्का बसेल असे काही करू नका.

कुटुंब बाहेरगावी निघाले की दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स आणि माता-बाल कार्ड सोबत द्या. फडाजवळच्या आरोग्य केंद्राला फोन करा. स्थलांतरित मुलांची नोंद ठेवायला राज्याने २०२२ मध्ये प्रणाली केली आहे, अंगणवाडीतून ती नोंद होते का ते बघा.

जाण्यायेण्याच्या खर्चाचा प्रश्न ग्रामपंचायतीने उचलावा. स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बऱ्याच गावांत तो वर्षअखेरीला वस्तू वाटून संपवला जातो. ज्या मुलाला प्रमाणपत्र मिळाले त्याच्या थेरपीसाठी तो वापरा. ज्याला अजून मिळाले नाही त्याच्यासाठी ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून काही करता येते का, ते समितीत ठरवा. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाला २०१६ च्या कायद्याने दिव्यांग म्हणून हक्क आहेत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. हे कागद आईने एकटीने करायचे म्हटले तर वर्ष जाईल. ग्रामसेवकाने मनावर घेतले तर महिन्याभरात अर्ज मार्गी लागतात.

शेवटी घरच्यांना एक सांगणे. लेकरू मागे राहिले की बोट पहिल्यांदा आईकडे जाते. ग्रहणात बाहेर गेली, जड उचलले, नीट खाल्ले नाही, अशी बोलणी सुरू होतात. सोळा-सतराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या, नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहिलेल्या पोरीला दोष देण्याआधी तिला तिथे कोणी उभे केले ते विचारा. मुलीचे लग्न लांबवणे, गरोदरपणात जड काम थांबवणे आणि रक्त वाढेल असे खायला घालणे, हासुद्धा बाळाच्या मेंदूचाच इलाज आहे.

बाळ दगावले की त्याचा आकडा शासनाच्या वहीत चढतो. जगून मागे राहिलेल्या लेकराचा आकडा कुठेच नीट चढत नाही. तो गावाच्या वहीत चढला पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत रस्ता, नाली, घरकुल हे विषय होतीलच. त्यात एक प्रश्न तुम्ही उठून विचारा. आपल्या गावात नवजात कक्षातून आलेली लेकरे किती, आणि या महिन्यात त्यांना कोणी बघितले?